सांगोल्याच्या आबांविषयी तुम्ही विचारलंत

मागच्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी लिहिलं होतं की आमच्या सांगोला तालुक्याने एकाच माणसाला अकरा वेळा विधानसभेत पाठवलं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की या महिन्याचं सदर त्यांनाच देते आहे. तो माणूस म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे (शेकापचे) भाई गणपतराव देशमुख. आमच्याकडे त्यांना नावाने कुणी बोलवत नसे. आबा, नाहीतर आबासाहेब. मी त्यांच्या पक्षाची सभासद कधी नव्हते, त्यांच्या नात्यातलीही नाही. सदतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली बहुतेक याच तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर. तेव्हा पुढे जे लिहिलंय ते एका मतदार बाईने लिहिलंय असं समजून वाचा.

१९६२ ते २०१४ या काळातल्या विधानसभा निवडणुका मी मोजल्या. त्या बारा भरतात. गणपतराव दोनदा हरले असं वाचलं आहे. मग विजय दहा व्हायला हवेत. अकरा कुठून आले? – एक निवृत्त बँक कर्मचारी, कोल्हापूर

तुमची बेरीज बरोबर आहे, मधली एक पोटनिवडणूक तेवढी तुमच्या नजरेतून निसटली.

१९६२ मध्ये ते पहिल्यांदा निवडून आले तेव्हा पस्तिशीतले वकील होते. जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा, पण कर्मभूमी सांगोला. १९६७ ला पुन्हा आले. १९७२ ला हरले. बांगलादेशाच्या युद्धानंतरची ती निवडणूक, सगळीकडे इंदिरा गांधींचं नाव होतं. काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा घेतल्या, त्या लाटेत सांगोलाही गेलं. पण दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये इथे पोटनिवडणूक झाली आणि आबा परत सभागृहात गेले. तुमच्या हिशेबात जो विजय कमी पडतोय तो हा. पुढे १९७८, ८०, ८५, ९० असे सलग चार. १९९५ ला दुसरा पराभव, आणि त्यानंतर १९९९, २००४, २००९, २०१४. शेवटच्या निवडणुकीत त्यांचं वय ८८ होतं. महाराष्ट्रात इतक्या वेळा आमदार दुसरं कुणी झालेलं नाही.

१९९५ चा पराभव १९२ मतांचा होता. समोर काँग्रेसचे शहाजीबापू पाटील होते. हा आकडा मी आयुष्यात विसरणार नाही, त्याचं कारण लिहूनच टाकते. त्या वर्षी माझी निवडणुकीची ड्यूटी शेजारच्या मतदारसंघात लागली होती. ड्यूटीवरच्या माणसाने टपाली मतपत्रिकेसाठी आधी अर्ज द्यायचा असतो. घरी सासूबाई आजारी, शाळेत घटक चाचण्या, मी आज देते, उद्या देते करत राहिले आणि मुदत गेली. दुसऱ्यांच्या बोटाला दिवसभर शाई लावली, माझं स्वतःचं बोट कोरं राहिलं. तेव्हा मतमोजणी हाताने व्हायची. निकालाचा आकडा कानावर आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. माझ्या एका मताने १९२ चा फरक भरून निघाला नसता, हे मलाही कळतं. पण आमच्या तालुक्यात ड्यूटीवरच्या शिक्षकांपैकी अर्ज न देणारी मी एकटीच नव्हते, हेही मला माहीत होतं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत दर निवडणुकीला शाळेतल्या प्रत्येकाचा अर्ज मी स्वतः उभं राहून भरून घेतला.

आमच्याकडे सत्तेतला आमदार असला तरच रस्ता होतो. गणपतराव बहुतेक काळ विरोधात होते. विरोधी बाकावर बसून माणूस तालुक्यासाठी करतो तरी काय? – एक वाचक, नागपूर

याचं उत्तर लांबेल. माझं लहानपणच त्यात गुंतलेलं आहे.

सांगोला माणदेशात येतो. कृष्णेच्या खोऱ्यात धो धो कोसळणारा पाऊस आमच्याकडे येईपर्यंत रिकामा झालेला असतो. माण नदी वर्षातला बराच काळ वाळूचीच. बहात्तरच्या दुष्काळात मी अकरा वर्षांची होते. आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर जायचे. माती उचलायला मोठ्यांची पाटी मला झेपत नसे, म्हणून आईने घरातलं जुनं घमेलं दिलं होतं. दुपारी सुकडी मिळायची, म्हणजे मजुरांना वाटलं जाणारं कोरडं पौष्टिक पीठ. आम्ही पोरं ती मुठीत धरून जिभेने चाटत खायचो, म्हणजे जास्त वेळ पुरायची. घरी भाकरी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, तांबडी आणि चिवट. हजेरी मुकादमाच्या मस्टरवर, आणि पगार कधी होणार हे मुकादमालाही माहीत नसायचं. एकदा तीन आठवडे पगार झाला नाही. आईने कानातली फुलं मोडली. तो मुकादम कोण, साहेब कोण, ते लिहीत नाही. पण आई रोज संध्याकाळी एकच वाक्य बोलायची: हे कुणाला विचारायचं?

पोटनिवडणुकीनंतर मोठ्या माणसांच्या तोंडी मी ऐकायला लागले की आता विचारणारा माणूस आहे. बारा-तेरा वर्षांच्या पोरीला विधानसभा काय कळणार? मला एवढंच कळलं की आई जे संध्याकाळी विचारायची ते मुंबईला जाऊन विचारता येतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. विरोधी आमदाराच्या हातात फाईल नसते, सहीचा अधिकार नसतो. त्याच्या हातात प्रश्न असतो, आणि हा प्रश्न सभागृहात रीतसर विचारला की त्याला धार येते. तारांकित प्रश्न आधी लेखी द्यावा लागतो. मंत्र्याला त्याचं तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. खात्याने मंत्र्याला जे लिहून दिलेलं असतं ते साधारण पहिल्या उपप्रश्नापर्यंत टिकतं. ज्याने तालुका पायाखाली घातलाय तो दुसऱ्या उपप्रश्नाला गावाचं नाव घेतो, तिसऱ्याला तारीख. मग आहे लक्षवेधी सूचना. अर्धा तास चर्चा आहे. अर्थसंकल्पाच्या वेळी कपात सूचना आहेत. हे सगळं शब्दशः टिपलं जातं. मंत्री उठून ‘तीन महिन्यांत चौकशी करू’ म्हणाला, की ते आश्वासन होतं, आणि दिलेली आश्वासनं पाळली का हे बघायला विधिमंडळाची वेगळी आश्वासन समिती असते. ज्याला ही हत्यारं वापरता येतात त्याला विरोधी बाकावर बसूनही सरकारला कामाला लावता येतं. आबांना ती येत होती. ते १९७७-७८ मध्ये विरोधी पक्षनेते होते, पुढे नव्या सभागृहात हंगामी अध्यक्ष म्हणूनही त्यांनी काम पाहिलं. सभागृहाचे नियम पाठ असलेला म्हातारा, अशी त्यांची ओळख सगळ्या पक्षांत होती. तुमच्या नागपूरला हिवाळी अधिवेशन भरतं, तेव्हा प्रेक्षक सज्जाचा पास काढून एक दिवस बसून बघा. कोण कागद घेऊन येतो आणि कोण नुसता आवाज घेऊन येतो, ते तासाभरात कळतं.

दुसरं, कायदा. रोजगार हमी योजना मूळची वि. स. पागे यांच्या डोक्यातली. ते विधान परिषदेचे सभापती होते. बहात्तरच्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितलं की पंधरा दिवसांत द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता, हे त्यात लिहिलं गेलं. माझ्या आईने मुकादमाच्या मर्जीवर केलेलं काम पुढच्या बायकांचा हक्क झालं. त्याचा पैसा उभा करायला सरकारने १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. मी नोकरीला लागले तेव्हा पगारपत्रकात त्या कराची कपात दिसायची. सोबतचे गुरुजी चिडायचे. मला मात्र ती रक्कम आईच्या मस्टरवर गेल्यासारखी वाटायची. हा कायदा सर्वांनी मिळून केला, एकट्या आबांच्या नावावर तो टाकणार नाही. पण दुष्काळी भागातल्या विरोधी आमदारांनी सभागृहात आणि रस्त्यावर रेटा ठेवला नसता तर तो असा झाला नसता, हे माझं मत आहे. पुढे १९९९ मध्ये मंत्री झाल्यावर आबांकडे पणनबरोबर हेच रोजगार हमीचं खातं आलं. ते ऐकायला आई नव्हती.

तिसरं, पाणी. कृष्णेच्या पाण्यात महाराष्ट्राला बच्छावत लवादाने ५६० टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) वाटा दिला, १९७६ मध्ये. पाणी कागदावर मिळालं. ते अडवायला धरणं, उचलायला पंप आणि आमच्यापर्यंत आणायला कालवे लागतात. ते होत नव्हतं, आणि मे २००० नंतर वाटपाचा फेरविचार होणार होता. मग १९९३ मध्ये शेजारच्या आटपाडीत पाणी परिषद भरली. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या स्वातंत्र्यलढ्यातले नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि आमचे आबा. तेरा दुष्काळी तालुक्यांची माणसं. मागणी होती समन्यायी वाटपाची, म्हणजे ज्याला जमीन नाही त्या कुटुंबालाही पाण्यात वाटा. ही परिषद पुढे वर्षानुवर्षं भरत राहिली. माझा धाकटा भाऊ दरवर्षी जायचा, एकदा सुट्टी होती म्हणून मीही गेले. मांडवात बायका बऱ्याच होत्या. कालव्याचे नकाशे लावलेले होते, आणि शाळा न पाहिलेली माणसं त्या नकाशावर आपलं गाव बोटाने शोधत होती. भूगोलाच्या तासाला इतकी एकाग्र मुलं मला कधी मिळाली नाहीत.

टेंभू योजनेचं काम सुरू झालं ते १९९६ नंतर. कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्याने वर चढवत खानापूर, आटपाडी, सांगोल्यापर्यंत न्यायचं. सरकारं बदलली, निधी अडला, पुन्हा सुटला. आमच्या शिवारात पाणी आलेलं मी पाहिलं तेव्हा माझी निवृत्ती जवळ आली होती. मधल्या काळात भावाने डाळिंब लावलं होतं. ठिबक केलं, शेततळं खोदलं, एका उन्हाळ्यात टँकरने विकत पाणी घालून बाग जगवली, आणि पुढे तेल्या रोगाने ती गेली. असे हजारो भाऊ तालुक्यात आहेत.

इथेच तुमच्या प्रश्नातला काटा आहे आणि तो मी लपवणार नाही. सत्तेतला आमदार असता तर पाणी दहा वर्षं आधी आलं असतं, असं आमच्याकडेही बरेच जण म्हणतात, आणि त्यात तथ्य असू शकतं. माझं म्हणणं एवढंच, की पाणी सत्ताधाऱ्याच्या मर्जीने आलं असतं तर कोणत्या वळणावर कुणाच्या शेतात थांबलं असतं, तेही बघायला हवं. भूमिहीन बाईचा वाटा हा शब्द कालव्याच्या चर्चेत आला तो आटपाडीच्या मांडवातून.

ते आमदार असून एसटीने फिरायचे म्हणे. खरं की कार्यकर्त्यांनी रचलेली गोष्ट? – एक वाचक, बार्शी

खरं. मी स्वतः त्यांना सांगोला स्थानकावर गाडीची वाट बघत थांबलेलं पाहिलं आहे, तेही एकदा नाही. एसटीत आमदारांसाठी राखीव आसन असतं, त्यांना प्रवास मोफत असतो. त्या आसनावर आमदार प्रत्यक्ष बसलेला महाराष्ट्रात फार कमी लोकांनी पाहिला असेल, आमच्या तालुक्यात मात्र शाळेच्या पोरांनीही पाहिला.

पण बार्शीकर, या एका गोष्टीवरच त्यांची ओळख थांबते याचं मला दुःख होतं. साधेपणाचं कौतुक करणं सोपं असतं, त्यासाठी आपल्याला काही करावं लागत नाही. एसटीचा खरा उपयोग असा, की पाच-सहा तासांच्या रस्त्यात शेजारी कोण येऊन बसेल हे आमदाराच्या हातात राहत नाही. ज्याला बंगल्याच्या दारात कुणी उभं केलं नसतं तो माणूस तिकिटाच्या पैशात शेजारी बसून विहिरीची गोष्ट सांगू शकतो.

स्पष्ट विचारतो, राग मानू नका. सांगोल्यात धनगर समाज मोठा आहे आणि गणपतराव त्याच समाजाचे. मग हा जातीचा विजय का म्हणू नये? – एक वाचक, पुणे

राग कशाला? हा प्रश्न आमच्या पारावरही होतो, फक्त इतक्या सरळ नाही.

धनगर समाज आमच्याकडे मोठा आहे, हे खरं. आबा त्या समाजाचे होते आणि समाजाला त्यांचा अभिमान होता, हेही खरं. जातीचा आधार त्यांना मिळाला नाही असं म्हटलं तर मी खोटं बोलेन. पण हिशेब पूर्ण मांडा. एकट्या धनगर मतांवर सांगोल्यातून कुणी निवडून येत नाही. मराठा, माळी, रामोशी, दलित, मुस्लिम अशी सगळी मतं लागतात, आणि ती पन्नास वर्षं त्यांच्या मागे येत राहिली. माझं माहेर आणि सासर दोन्हीही धनगर नाहीत. १९८५ ला मी पहिल्यांदा विधानसभेला मत दिलं, कारण तेव्हा मतदानाचं वय २१ होतं आणि १९८० ला मी त्यात बसत नव्हते. आमच्या घरातली त्या दिवशीची पाचही मतं एकाच ठिकाणी गेली.

आणि १९९५ आठवा. समाज तोच, उमेदवार तोच, तालुका तोच. तरी १९२ मतांनी हरले. जात इतकी पक्की असती तर हे व्हायला नको होतं. सतत निवडून येणाऱ्या माणसावरही लोक रुसतात. काही गावांना वाटलं आपल्याकडे दुर्लक्ष होतंय, तरुणांना वाटलं नवीन माणूस हवा. चार वर्षांनी त्याच लोकांनी त्यांना परत बोलावलं. या चार वर्षांत ते घरी बसले नव्हते. रविवारच्या जनावरांच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात, तहसीलच्या पायरीवर, माणूस दिसत होता. हरलेला आमदार लोकांना दिसत राहतो की गायब होतो, यावर आमच्याकडे माणसाची पारख होते.

अलिबागकडे आम्ही शेकाप लहानपणापासून पाहिला आणि विरत जाताना पाहतो आहोत. पक्ष आटत असताना गणपतराव त्यातच का राहिले? बाहेर पडून मोठं पद मिळालं नसतं का? – एक वाचक, अलिबाग

मिळालं असतं, यात मला शंका नाही. १९६७ मध्ये तुमच्या-आमच्या या पक्षाचे १९ आमदार होते. २०१४ मध्ये तीन. मधल्या काळात बरेच जण निघून गेले. १९८५ मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा आला तरी माणसं जायची थांबली नाहीत, जाण्याच्या वाटा तेवढ्या बदलल्या.

आबा दोनदा मंत्री झाले, ते पक्षासकट. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोदच्या (पुरोगामी लोकशाही दलाच्या) सरकारात आणि १९९९ ला काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीच्या. २००२ मध्ये पक्षाने सरकारचा पाठिंबा काढला तेव्हा मंत्रिपद सोडून परत बाकावर येऊन बसले. का राहिले याचं उत्तर त्यांच्या मनातलं, ते मी कसं देऊ? मला त्याचा परिणाम माहीत आहे. आमच्याकडे मतदाराला निकालानंतर कधी वर्तमानपत्र उघडून बघावं लागलं नाही की आपला आमदार आज कुठल्या पक्षात आहे. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राने जे पाहिलं त्यानंतर ही गोष्ट मला फार मोठी वाटते. मत दिलं ते जिथे दिलं तिथेच राहिलं.

तुम्ही त्यांची एकच बाजू लिहाल असं वाटतं. नातवांचं काय? साठ वर्षं तत्त्व सांगितलं आणि शेवटी वारसा घरातच ना? – नाव छापू नये, सांगोला तालुका

तुम्ही आमच्याच तालुक्यातले, तेव्हा तुम्हाला अर्धं उत्तर देऊन चालणार नाही.

२०१९ ला वयामुळे आबा थांबले. उमेदवारी त्यांचे नातू डॉ. अनिकेत यांना मिळाली. पुन्हा समोर शहाजीबापू, या वेळी शिवसेनेचे, आणि पराभव ७६८ मतांचा. ३० जुलै २०२१ ला सोलापुरात आबा गेले. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब उभे राहिले आणि निवडून आले. आज विधानसभेत शेकापचा तो एकच आमदार आहे.

मला हे बोचलं का? हो, बोचलं. नातू चांगले असतील, शिकलेले डॉक्टर आहेत, लोकांनी त्यांना मतं दिली. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच. पाणी परिषदेच्या मांडवात नकाशा वाचणाऱ्या माणसांतून, आबांनी उभ्या केलेल्या सूतगिरणीत काम शिकलेल्या पोरांतून, पक्षाच्या शिबिरांत बसलेल्या शेकडो कार्यकर्त्यांतून एक तरी माणूस असा तयार व्हायला हवा होता, ज्याचं नाव तालुक्याने आपणहून घेतलं असतं. पन्नास वर्षं एवढा वेळ हाताशी असताना ते झालं नाही, ही त्यांच्या कामातली मोठी उणीव आहे असं मी मानते. पण दोष त्यांच्या एकट्याच्या पदरात टाकायला माझा हात धजत नाही. ‘आबा आहेत ना’ म्हणत आम्हीही निर्धास्त राहिलो. दर पाच वर्षांनी मत दिलं आणि विचारायचं काम त्यांच्यावर सोपवून दिलं. कार्यकर्त्यांनीच घराण्यातलं नाव मागितलं, हे तुम्हालाही माहीत आहे. आडनाव बघितलं की मत मागायला सोपं जातं, आणि सोपं तेच आपण केलं.

नव्या आमदारांना मी आजोबांच्या नावाने मोजणार नाही. प्रश्नोत्तराच्या यादीत सांगोल्याचं नाव किती वेळा येतं, एवढं मी बघणार आहे.

मी एकोणीस वर्षांची आहे, कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला. घरचं कुणी राजकारणात नाही, पैसा नाही. मला पुढे निवडणूक लढवायची आहे. आबांसारख्यांकडून मी नेमकं काय शिकू? – एक विद्यार्थिनी, मंगळवेढा

बाळ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू शेजारच्या तालुक्यातली, म्हणजे कोरडी विहीर तुला समजावून सांगायला नको.

ग्रामपंचायतीला उभं राहायला २१ वर्षं पूर्ण लागतात, विधानसभेला २५. म्हणजे तुझ्याकडे निदान दोन वर्षं आहेत. आपल्या राज्यात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत, त्यामुळे दार उघडं आहे. आत जाऊन खुर्चीवर नवऱ्याला किंवा दिराला बसवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तसं करायचं नसेल तर कागद वाचायला आत्तापासून शीक. वकिलीचं शिक्षण हे आबांचंही पहिलं भांडवल होतं.

विधिमंडळाच्या संकेतस्थळावर सभागृहातल्या कामकाजाची पानं वाचायला मिळतात. रोज दहा पानं वाच. भाषणं सोडून दे, उपप्रश्न वाच. कुठला सदस्य कुठल्या शब्दावर मंत्र्याला थांबवतो ते बघ. आणि हे वाचत असताना तुझ्या गावातली एकच गोष्ट निवड. बंद पडलेली नळयोजना असेल, रोजगार हमीचं अडकलेलं मस्टर असेल, अंगणवाडीचं छत असेल, पण एकच. तिचे कागद माहितीच्या अधिकारात मागव. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. माझ्या आईकडे कामावरचा एकही कागद नव्हता, म्हणून तिला तिच्या तीन आठवड्यांचं कुणाला विचारता आलं नाही.

येत्या १५ ऑगस्टला तुमच्या गावात ग्रामसभा होईल. बायका मागे भिंतीशी बसतात, तू पुढे बस. प्रश्न लेखी दे, आणि तो इतिवृत्तात लिहून घ्या असं सगळ्यांसमोर सांग. ग्रामसेवक लिहितो का ते बघत तिथेच थांब. पहिल्या वेळी हसतील, कुणाची पोरगी म्हणून विचारतील. पुढच्या ग्रामसभेला तोच प्रश्न, मागची तारीख घालून, पुन्हा दे.

काय उत्तर मिळालं ते मला कळव. उत्तर नाही मिळालं तरी कळव. या सदराचा पत्ता तुझ्याकडे आहेच.